अठ्ठेचाळीसचा माणूस

पाकीट फोडून त्याने आतला कागद उलगडला, त्यावरचा फोटो पाहिला, आणि त्याच्या मनात पहिला प्रश्न आला तो असा, की या माणसाचं तोंड उघडं का आहे? गाडी त्याचीच होती, नंबर त्याचाच होता, काचेमागे चष्मा लावून बसलेला गृहस्थही तोच होता. पण तोंड चांगलं दोन बोटं उघडं, हनुवटी वर, मान जराशी कललेली. खाली छापलं होतं : बुधवार, दुपारी चार वाजून बारा मिनिटं. वेगमर्यादा पन्नास. नोंदलेला वेग त्रेसष्ट. त्रेसष्ट हा आकडा त्याने दोनदा वाचला आणि तो चक्क हसला. ज्याच्या मागे रस्त्यावर रांग लागते, ज्याला सायकलवाले ओलांडून जातात आणि जाताना वळून बघतात, ज्याच्याबद्दल सख्खा मेहुणा सांगत फिरतो की यांच्या गाडीत बसलं की उतरेपर्यंत दाढी वाढते, त्या माणसाला वेगाबद्दल दंड! ‘यंत्र चुकलंय,’ त्याने स्वयंपाकघरात जाऊन बायकोला सांगितलं. ‘मी अठ्ठेचाळीसनेच जातो.’ माणसं आपला रक्तगट सांगतात त्या सुरात त्याने हे सांगितलं. बायकोने ओले हात पुसून कागद डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, आणि म्हणाली, ‘अहो, तुम्ही गाताय यात.’

‘मी गात नाही,’ तो म्हणाला. तेही खरंच होतं. आंघोळ करतानासुद्धा त्याने कधी गुणगुणल्याचं कुणाला आठवत नव्हतं. ‘जांभई असेल.’ ‘जांभई देताना माणसाच्या भुवया वर जात नाहीत,’ ती म्हणाली. तीस वर्षं रुग्णालयात नर्स म्हणून काढलेल्या बाईशी जांभईवर वाद घालण्यात अर्थ नव्हता. ‘भरून टाका ना. तीस दिवसांत भरला तर अर्धाच आहे, इथे लिहिलंय.’ कागदाच्या पाठीवर तीन चौकोन होते : गुन्हा मान्य आहे, लेखी खुलासा देत आहे, न्यायालयात बाजू मांडायची आहे. त्याने त्या तीन चौकोनांकडे नीट पाहिलं आणि त्याला एकदम उकडायला लागलं. पहिल्या चौकोनात खूण करायची म्हणजे मी त्रेसष्टने जात होतो असं सही करून सांगायचं. आणि तो जर खरंच त्रेसष्टने जात असेल, तर तो अठ्ठेचाळीसने जातोय असं समजत होता तेव्हा नेमकं काय बघत होता? ‘प्रश्न पैशांचा नाही,’ तो म्हणाला. ‘मग कशाचा?’ त्याने पेन काढलं आणि तिसऱ्या चौकोनात खूण केली.

प्रश्न कशाचा होता हे कळायला त्याचं काम सांगायला हवं. तो मापं तपासत असे. मोजमाप खात्याच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं, खिडक्या उत्तरेला, तापमान कायम वीस अंश, आत शिरताना चपला बाहेर. दुकानांतले तराजू, पेट्रोलपंपांची मापं, दवाखान्यांतले वजनकाटे, सगळं त्याच्या टेबलावर यायचं आणि त्याच्या शिक्क्यानिशी परत जायचं. शिक्क्याचा नंबर सतरा. या कामाची एक रीत होती, आणि ती त्याच्या रक्तात भिनली होती : जो आकडा वाचतो त्याने लिहायचं नाही, आणि जो लिहितो त्याने आकडा बघायचा नाही. तो यंत्रासमोर बसून वाचायचा. बाजूच्या टेबलाशी, यंत्राकडे पाठ करून, लिहिणाऱ्या बाई बसायच्या, आणि तो सांगेल ते वहीत उतरवायच्या. कारण माणसाचा डोळा मोठा लबाड. गेल्या वेळी साठ आलं होतं, हे हाताला ठाऊक असलं की डोळा साठच बघतो, समोर एकसष्ट का असेना. या कामात पाप एकच, न बघता आकडा सांगणं. बाकी सगळ्याला क्षमा होती. फार वर्षांपूर्वी एका सहकाऱ्याने जेवणानंतरच्या सुस्तीत चार वजनांचे आकडे डोळे मिटून सांगितले होते. त्याला वरिष्ठांपुढे उभं केलं होतं ते यानेच. त्या माणसाचा शिक्का काढून घेतला गेला. तो हल्ली विमा विकतो, भेटला की मोकळेपणाने हसतो, आणि दर वेळी तो हसला की हा घड्याळ बघतो आणि निघतो. निवृत्तीला आता आठ महिने उरले होते. एकतीस वर्षांत सतरा नंबरच्या शिक्क्याचं एकही यंत्र परत आलं नव्हतं, एवढीच काय ती त्याची कमाई.

खालच्या मजल्यावर वकीलबाई राहायच्या. वय पस्तिशीचं, बोलण्याचा झपाटा असा की समोरच्याने ‘म्हणजे’ म्हणेपर्यंत प्रकरण निकालात. त्यांनी कागद एका नजरेत वाचला. ‘काका, एकदम सोपं आहे. यंत्राचं तपासणीचं प्रमाणपत्र मागायचं. यांना ते कधीच सापडत नाही. तारीख पडते, पुन्हा तारीख पडते, मग न्यायाधीशबाई वैतागतात आणि सोडून देतात. मी पत्र टाकते.’ तो अगदी खूश होऊन जिना चढला. हे त्याच्याच गावचं बोलणं होतं. कुठलंही यंत्र खोटं बोलू शकतं, म्हणून तर त्याच्यासारखी माणसं पोसली जातात. पुढचा आठवडा त्याने मजेत घालवला. कामावर जाताना त्या चौकातल्या खांबावरच्या राखाडी पेटीकडे तो मान वर करून बघायचा, आणि मनात म्हणायचा, थांब लेका, तुझा कागद येऊ दे.

कागद आला. वकीलबाई स्वतः वर आल्या, दारातच उभ्या राहिल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदाच बोलायला अडखळल्या. ‘काका, प्रमाणपत्र सापडलं त्यांना. पण... यावर सही तुमची आहे.’ त्याने कागद घेतला. यंत्राचा क्रमांक, तारीख, वाचनं नऊ, निष्कर्ष : मर्यादेत आहे. खाली त्याची गोल सही, आणि सहीवर सतरा नंबरचा शिक्का, जरासा उजवीकडे झुकलेला, कारण त्याचा हात नेहमीच उजवीकडे झुकतो. आतून बायको हसली. हसू आवरेना तेव्हा ती पदर तोंडाला लावून दुसऱ्या खोलीत गेली आणि तिथे हसत राहिली. वकीलबाईंनाही हसू फुटलं, पण त्यांचा धंदा त्यांना लगेच आठवला. ‘उलट बरंच झालं की! तुम्ही कोर्टात एवढंच म्हणायचं, की त्या दिवशी तपासताना माझी चूक झाली असण्याची शक्यता आहे. शक्यता, बरं का, चूक नव्हे. यंत्र गेलं, केस गेली, तुम्ही सुटलात. तारीख पुढच्या गुरुवारची आहे.’ मी सुटलो, असं त्याने मनात म्हणून पाहिलं, आणि ते वाक्य त्याला नव्या बुटासारखं चावलं.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी भर दुपारी, प्रयोगशाळेतल्या त्या थंडगार उजेडात, त्याला खरी भीती वाटली. वेग मोजणारं यंत्र तपासायची पद्धत मोठी गमतीची असते. त्यासाठी गाडी लागत नाही. पोलादाचे नादकाटे असतात, हातभर नव्हे, वीतभरच. लाकडाच्या ठोकळ्यावर आपटून यंत्रासमोर धरले की ते थरथरतात, आणि त्या थरथरण्यालाच यंत्र धावती गाडी समजतं. चाळीसचा काटा वेगळा, साठचा वेगळा, ऐंशीचा वेगळा. साठचा काटा धरला की पडद्यावर साठ यायला हवं. प्रत्येक काटा तीनदा. त्याला ते काम फार आवडायचं. जागच्या जागी उभी असलेली वस्तू साठच्या वेगाने धावते आहे, यात त्याला स्वतःचंच काहीतरी सापडल्यासारखं वाटायचं. आता तो आठवायला बसला, की त्या तारखेला, त्या यंत्रासमोर, आपण तीनदा साठ म्हणालो तेव्हा पडद्यावर साठ पाहिलं होतं का? त्याला खिडकी आठवली, काट्याचा हाताला बसणारा मुंग्या आल्यासारखा झटका आठवला, लिहिणाऱ्या बाईंच्या अंबाड्यातली तपकिरी पिन आठवली. आकडा आठवेना. साठ म्हणाल्याचं आठवत होतं, पाहिल्याचं आठवत नव्हतं. आणि मग तो बुधवार आठवायला गेला, तर तिथे तर नुसतं भोक. दुपारी साडेतीनला प्रयोगशाळेतली वीज गेली, तास झाला तरी येणार नाही असं कळलं, साहेबांनी चार वाजून आठ मिनिटांनी सगळ्यांना घरी सोडलं. त्यानंतरचं एकदम आठवत होतं ते घर : गॅलरीच्या भिंतीवर साडेचारचं पिवळंधमक ऊन होतं. त्या घरात एकवीस वर्षं राहून त्याने ते कधी पाहिलं नव्हतं, कारण साडेचारला तो एक तर कामावर असायचा, नाही तर रविवारचा झोपलेला. बायको गॅलरीत जुनी बुटांची खोकी उपसत बसली होती, आणि दोघांनी उभ्याउभ्याच चहा घेतला होता. मधला रस्ता कुठे गेला? त्याच्या आयुष्यातली बावीस मिनिटं एका खांबावरच्या पेटीजवळ होती, आणि त्याच्याजवळ नव्हती. कुणी खिसा कापावा तसं त्याला वाटलं, आणि गंमत म्हणजे चोराने जाताना फोटो पाठवला होता.

बायको घरी असण्याची गोष्ट अजून नवी होती. तिला निवृत्त होऊन जेमतेम दीड महिना झाला होता. त्याआधीची तीस वर्षं तिची पाळी दुपारी दोनची; तो साडेपाचला यायचा तेव्हा ती गेलेली असायची, आणि ती यायची तेव्हा तो पेंगत असायचा. त्यांचा संसार फ्रिजच्या दारावरच्या चिठ्ठ्यांवर झाला असं म्हटलं तरी चालेल. ‘दूध तापवलंय.’ ‘नळवाला उद्या येणार.’ ‘तुमच्या बहिणीचा फोन आला होता, रागावली आहे, का ते विचारू नका.’ दोन मुलं त्या चिठ्ठ्यांतूनच मोठी झाली, शिकली, आपापल्या शहरांत गेली. आता तो साडेपाचला यायचा आणि आतून कुणीतरी दार उघडायचं. पहिले काही दिवस तो दर वेळी दचकला. तिच्या ते लक्षात आलं. ‘मी दिवसभर घरात असते, तुम्हांला अडचण तर होत नाही ना?’ तिने दोनतीनदा विचारलं होतं, अगदी सहज, भाजी निवडताना वगैरे. आणि त्याने दर वेळी पेपरातून मान न काढता सांगितलं होतं, ‘बरंय की.’ आता नादकाटा फडक्याने पुसताना त्याला अचानक वाटलं, की तेही आपण न बघताच सांगितलं. मग त्याने तो विचार काट्याबरोबर पेटीत ठेवला आणि पेटी बंद केली.

राहिली गाडी. यंत्र खरं असेल आणि तोही खरा असेल, तर गाडीचा काटा खोटा असायला हवा. रविवारी सकाळी तो बायकोला घेऊन गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर गेला, जिथे किलोमीटरचे दगड अजून जागेवर आहेत. तिच्या हातात वही दिली. ‘मी आकडा सांगेन, तू लिहायचं. काट्याकडे बघायचं नाही. या दगडापासून त्या दगडापर्यंत किती सेकंद लागतात ते मोजायचं. अठ्ठेचाळीसला पंचाहत्तर सेकंद.’ तिने पर्समधून आपलं नोकरीतलं घड्याळ काढलं, छातीवर उलटं टाचायचं ते, आणि पेशंटची नाडी धरावी तशी गंभीर झाली. पहिला दगड गेला. ‘अठ्ठेचाळीस,’ तो म्हणाला. शेतं, एक पाण्याची टाकी, विजेचे खांब. दुसरा दगड आला. ‘चौसष्ट,’ ती म्हणाली. ‘काय चौसष्ट?’ ‘सेकंद.’ ‘तुझं घड्याळ मागे पडतंय.’ ‘या घड्याळावर मी तीस वर्षं माणसं जिवंत आहेत की नाहीत ते ठरवलंय,’ ती म्हणाली. ‘चला, परत घ्या.’

परत घेतलं. वारा खिडकीतून येत होता, ऊन कोवळं होतं, आणि बायको शेजारी पाय वर घेऊन बसली होती, तिच्या मांडीवर वही, कानामागे पेन. दगड गेला. ‘अठ्ठेचाळीस,’ तो म्हणाला. आणि त्याच क्षणी ती, रीत न जाणणारी ती बाई, त्याच्या खांद्यावरून वाकली आणि तिने सरळ काट्याकडे पाहिलं. ‘अहो,’ ती म्हणाली, ‘छप्पन्नवर आहे.’ त्याने खाली बघितलं. काटा छप्पन्नवर होता. काटा काही लपून बसला नव्हता, काच स्वच्छ होती, चष्मा डोळ्यांवर होता. त्याने फक्त बघितलं नव्हतं. अठ्ठेचाळीस हा आकडा त्याच्या तोंडात कुठून तरी आपोआप आला होता, आणि तो सगळ्या जगाला, स्वतःलाही, तोच ऐकवत आला होता. त्याने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. दूरवर एक पंप चालत होता. ‘एवढं काय त्यात,’ बायको म्हणाली. ‘मला तर कधीचंच वाटत होतं. हल्ली आपल्या मागे कुणी हॉर्न वाजवत नाही, तुमच्या लक्षात नाही आलं?’ त्याच्या लक्षात आलं नव्हतं. त्याच्या लक्षात एवढंच येत होतं, की जो माणूस गाडीत बसून न बघता अठ्ठेचाळीस म्हणतो, तो टेबलाशी बसून न बघता साठ म्हणाला नसेल कशावरून? एक यंत्र नव्हे, एकतीस वर्षं. विमा विकणारा तो सहकारी त्याच्या डोळ्यांपुढे येऊन मोकळेपणाने हसला. ‘पाणी हवंय का?’ बायकोने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता त्याचं मनगट धरून घड्याळ बघायला लागली. ‘जरा फास्ट आहे,’ ती म्हणाली. ‘तेवढी चालते.’

सोमवारी तो चपला काढून आत शिरला तो सरळ लिहिणाऱ्या बाईंच्या टेबलाशी गेला. त्या वीस वर्षं त्याच्या शेजारी बसत आल्या होत्या, म्हणजे यंत्राकडे पाठ करून, आणि त्यांना जरा कमी ऐकू येतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तो नेहमीप्रमाणे मोठ्याने म्हणाला, ‘बाई, मला एक सांगायचंय!’ पलीकडच्या खोलीतला शिपाईसुद्धा डोकावला. त्याने शिपायाला जायला सांगितलं, खुर्ची ओढली आणि सगळं सांगून टाकलं. दंड, प्रमाणपत्र, दगड, छप्पन्न. ‘मी शिक्का जमा करतो,’ शेवटी तो म्हणाला. ‘गुरुवारी कोर्टात सांगतो की माझ्या वाचनांची खात्री देता येत नाही. सगळी यंत्रं परत मागवू देत. मी दुसऱ्याचा शिक्का घालवलाय बाई, मला स्वतःला सूट देता येणार नाही.’ बाईंनी पेनाचं टोपण लावलं. मग काढलं. मग परत लावलं.

‘साहेब,’ त्या म्हणाल्या, ‘तुम्ही रागावणार नसाल तर एक सांगते.’ ‘बोला.’ ‘हे समोरचं कपाट बघा.’ त्याने बघितलं. बाईंच्या खुर्चीसमोर नोंदवह्यांचं काचेचं कपाट होतं, ते एकतीस वर्षं तिथेच होतं. ‘इथे बसून बघा.’ तो त्यांच्या खुर्चीत बसला, आयुष्यात पहिल्यांदा, आणि त्याला काचेत आपलं टेबल दिसलं, टेबलावरचं यंत्र दिसलं, आणि यंत्राच्या पडद्यावरचे हिरवे आकडे दिसले, उलटे, पण लख्ख. ‘पहिल्याच आठवड्यात दिसलं मला,’ बाई म्हणाल्या. ‘डोळे मिटून थोडंच लिहिता येतं? सुरुवातीला दोनाचा पाच वाटायचा आणि पाचाचा दोन. महिन्याभरात सवय झाली. आता मी सरळ आकड्यांपेक्षा उलटे लवकर वाचते.’ सगळी रीत, ते पाठ करून बसणं, ती शांतता, सगळं त्या काचेत उलटं होऊन लटकत होतं. ‘म्हणजे तुम्ही वीस वर्षं...’ ‘बघत्येय. हो.’ ‘आणि मी?’ त्याने विचारलं. बाईंनी बोटं मोडत हिशेब केला. ‘अकरा वेळा चुकलात. त्यातल्या चार तुमची आई गेली त्या महिन्यातल्या. दर वेळी मी म्हटलं, साहेब, परत सांगता का? आणि दर वेळी तुम्ही परत बघितलंत, आणि बरोबर सांगितलंत. वहीत चुकीचा आकडा एकही गेला नाही. त्या वेगाच्या यंत्राच्या वेळी तर एकदाही विचारावं लागलं नव्हतं. साठ, साठ, साठ. मी पाहिलेत.’

तो काचेकडे बघत बसला. अकरा वेळा. त्याला त्यातल्या एकीचीही आठवण नव्हती. आठवत होतं ते एवढंच, की बाईंना कमी ऐकू येतं, आणि त्यांना वाईट वाटू नये म्हणून त्याने हळूहळू आवाज चढवला होता. एकदा तर त्यांना कानाच्या डॉक्टरचा पत्ता लिहून दिला होता. ‘तुम्हांला ऐकू...’ ‘टाचणी पडलेली ऐकू येते मला,’ बाई म्हणाल्या. ‘वीस वर्षं तुम्ही माझ्यावर ओरडताय साहेब, घरी गेल्यावर डोकं दुखतं.’ आणि मग दोघंही हसायला लागले, आधी बाई, मग तो, इतके की शिपाई पुन्हा डोकावला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले, आणि त्याने ते लपवलं नाही. एकतीस वर्षं तो समजत होता की हे काम त्याच्या एकट्याच्या डोळ्यांवर उभं आहे. कुणीतरी त्याच्यावर नजर ठेवून होतं, आणि त्याने त्याचा अपमान वाटून घ्यायला हवा होता, असं त्याला वाटलं. पण वाटेना. पाठीवर कुणीतरी शाल टाकली आणि वीस वर्षांनी आपल्याला ऊब कळली, असं काहीसं वाटत होतं. ‘बाई,’ तो म्हणाला, अगदी हळू आवाजात, ‘कपाट तिथेच राहू दे.’

म्हणजे यंत्र खरं, गाडीचा काटा खरा, वहीही खरी. खोटं होतं ते फक्त अठ्ठेचाळीस. बुधवार संध्याकाळपर्यंत तो या गोष्टीभोवती घिरट्या घालत राहिला. वकीलबाईंनी जिन्यात गाठून पुन्हा बजावलं, ‘शक्यता, काका. एवढा एक शब्द.’ त्याने मान डोलावली. पण घरात येऊन त्याने फोटो पुन्हा टेबलावर ठेवला आणि यंत्राकडे बघावं तसा स्वतःकडे बघायला बसला. अंदाज न करता. आधी तोंड, मग भुवया, मग स्टिअरिंगवरचा उजवा हात, ज्याचं एक बोट वर उचललेलं होतं, ताल धरल्यासारखं. आणि मग कुठलाही आवाज न होता तो रस्ता परत आला. वीज गेलेली. जिना उतरताना हातातला रुमाल. गाडीत तापलेल्या सीटचा वास. आज साडेचारला घरी पोचू, असा एक विचार, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा : ती असेल. बस, एवढंच होतं. ती असेल. त्यानंतर चौक, वळण, पेटी, काहीच दिसलं नव्हतं त्याला, आणि घशातून काहीतरी निघत होतं, बेसूर, शब्द नसलेलं, पण निघत होतं. तो गात होता. सत्तावन्न वर्षांचा, निवृत्तीला आलेला, शिक्का क्रमांक सतरा, गात होता. आतल्या खोलीतून बायकोने विचारलं, ‘उद्या मीही येऊ का कोर्टात?’ तो म्हणाला, ‘ये.’

कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर दाटीवाटीने माणसं बसली होती, बहुतेक त्याच पेटीने पकडलेली. शेजारी पावाची गाडी चालवणारा एक जाडजूड गृहस्थ होता. तो तावातावाने सांगत होता, ‘त्या डबड्याला ज्याने पास केलंय ना, त्याला आणून इथे उभा केला पाहिजे!’ ‘उभाच आहे,’ बायको म्हणाली आणि नवऱ्याकडे बोट दाखवलं. पाववाल्याचं बोलणं जागच्या जागी थांबलं. बाकभर माणसं वळली. ‘तुम्ही? मग तुम्ही कशाला आलात इथे?’ ‘मलाही पकडलंय,’ तो म्हणाला. अख्खा व्हरांडा असा हसला की आतून पट्टेवाला ओरडत बाहेर आला. पाववाल्याने सरकून त्याला ऐसपैस जागा करून दिली.

आत न्यायाधीशबाई थकलेल्या आणि चटपटीत होत्या. कारकुनाने खरं सांगेन म्हणायला लावलं, तो खरं सांगेन म्हणाला. वकीलबाई उठून बोलायला लागणार तेवढ्यात त्याने हात वर केला. ‘गुन्हा मान्य आहे,’ तो म्हणाला. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. ‘मान्य आहे तर इथवर आलात कशाला? यंत्राबद्दल तक्रार होती ना तुमची?’ ‘यंत्र बरोबर आहे.’ ‘कशावरून?’ ‘मीच तपासलंय. सही माझी आहे. तिथे शंका नाही.’ न्यायाधीशबाईंनी प्रमाणपत्र पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा प्रमाणपत्र पाहिलं. ‘आरोपीचा यंत्रावर एवढा विश्वास मी पहिल्यांदाच बघत्येय,’ त्या म्हणाल्या. ‘मग चूक कुणाची?’ ‘माझी. मी काट्याकडे बघितलंच नाही. अठ्ठेचाळीस असणार असं धरून चाललो होतो.’ ‘आणि त्रेसष्टने निघाला होतात कुठे? एवढी कसली घाई होती?’

सवयीने त्याच्या जिभेवर एक उत्तर आलंच होतं, काहीही, कामाची वगैरे. ते त्याने गिळलं, आणि थांबला. इतका वेळ थांबला की कारकुनाने मान वर केली. ‘घरी जायची,’ तो म्हणाला. ‘घरी कुणी आजारी होतं?’ ‘नाही.’ ‘पाहुणे?’ ‘नाही. घरी बायको होती.’ मागे कुणीतरी फिसकन हसलं, पाववालाच असावा. न्यायाधीशबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, ‘रोज नसते?’ ‘तीस वर्षं नसायची,’ तो म्हणाला. ‘दुपारपाळी होती तिची. आता असते. त्या दिवशी मला लवकर सोडलं, आणि... ती घरी असेल एवढंच डोक्यात होतं. मला फार आनंद झाला होता. तो किती झालाय ते मला स्वतःला कळलं नाही, तुमच्या यंत्राला कळलं.’ न्यायाधीशबाईंनी बराच वेळ कागदावर काहीतरी लिहिलं. ‘दंड पूर्ण,’ त्या म्हणाल्या. ‘सवलत नाही. आणि यापुढे आनंद झाला तर बसने जा.’

तो आणि बायको बाहेर आले. खिडकीवर पैसे भरले, पावती घेतली, जिना उतरले. खालच्या पायरीवर ती थांबली. तिचं नाक लाल झालं होतं. ‘एवढ्या लोकांत सांगायची काय गरज होती?’ ‘त्यांनी विचारलं.’ ‘मीही विचारलं होतं,’ ती म्हणाली. ‘दीड महिना विचारत्येय. भाजी निवडता निवडता विचारलं, चहा देताना विचारलं. मला वाटलं, माणसाला एकट्याची सवय झाली, आता मी त्याच्या पायात पायात येते. मी पुन्हा कुठे नोकरी बघावी का म्हणून त्या खाजगी दवाखान्यात विचारूनसुद्धा आले होते. सोमवारपासून या म्हणालेत.’

‘दुपारपाळी?’ ‘दुपारपाळी.’ लोक जिन्यावरून वरखाली करत होते, पाववाला हात हलवून त्यांच्या बाजूने गेला. या वेळी त्याने अंदाज केला नाही. तिच्याकडे पाहिलं, नीट, जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ घेऊन, आणि म्हणाला, ‘जाऊ नकोस.’

‘हं,’ ती म्हणाली. ‘परत सांगता का?’